वाचकांचे प्रश्न: घरचं एन्क्रिप्शन काढून प्रमाणित लायब्ररी बसवताना

ठाणे आणि नवी मुंबईतल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडून या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे. क्लायंटच्या ऑडिटरने शेरा मारलाय: 'स्वतः लिहिलेलं एन्क्रिप्शन काढा, प्रमाणित लायब्ररी वापरा.' नवी लायब्ररी जोडायला एक-दोन दिवस पुरतात. खरा वेळ जातो तो जुना डेटा, जुन्या किल्ल्या (डेटा बंद-उघड करणारे गुप्त आकडे) आणि क्लायंटकडे चालू असलेल्या जुन्या आवृत्त्या हलवण्यात. म्हणून उत्तरांचा भर तिकडे ठेवला आहे.

प्रश्न: आम्ही पतसंस्थांसाठी खात्यांचं सॉफ्टवेअर करतो. २००९ मध्ये आमच्या एका सहकाऱ्याने डेटा लपवायला फंक्शन लिहिलं. १२ अक्षरांचा गुप्त शब्द घेऊन तो मजकुराशी पुन्हा पुन्हा एक्सॉर (दोन आकड्यांचे बिट ताडून, वेगळे तिथे १ आणि सारखे तिथे ०) करायचा आणि वर बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची रीत). इतक्या वर्षांत कोणी फोडलं नाही, कोडही आमच्याबाहेर गेलेला नाही. तरी बदलायचं का? (वागळे इस्टेट, ठाणे)

बदलायचं, आणि लवकर. कारण तुम्ही स्वतःच तपासून पाहू शकता. तुमच्या टेबलात खातेदाराचं नाव ४० अक्षरांच्या ठरावीक रुंदीत असेल, तर छोट्या नावापुढची जागा रिकाम्या स्पेसने भरलेली असते. संगणकाच्या अक्षरक्रमात स्पेसची किंमत ३२. गुप्त शब्दातलं एखादं अक्षर इंग्रजी मोठ्या लिपीतलं टी असेल, तर त्याची किंमत ८४. ८४ आणि ३२ यांचा एक्सॉर होतो ११६, म्हणजे छोट्या लिपीतला टी. थोडक्यात, जिथे जिथे रिकामी जागा आहे तिथे तुमचा गुप्त शब्द, फक्त मोठ्या-छोट्या लिपीची अदलाबदल होऊन, उघड लिहिलेला आहे. कोणत्याही जुन्या बॅकअपमधल्या एका रेकॉर्डचं बेस६४ उलगडा आणि शेवटची वीसेक अक्षरं बघा. शब्द दिसेल. त्यासाठी कोड लागत नाही, फोडावं तर मुळीच लागत नाही.

कोड बाहेर गेला नाही हेही तितकंसं खरं नाही. तुमच्या प्रोग्रॅमची एक्झी फाइल प्रत्येक पतसंस्थेच्या संगणकावर आहे आणि ती उलगडून वाचणारी साधनं फुकट मिळतात. ऑगुस्त केर्कहॉफ्स या गुप्तलेखनाच्या अभ्यासकाने १८८३ मध्ये मांडलेला नियम अजून तसाच लागू आहे: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. मायफेअर क्लासिक या स्पर्शाविना चालणाऱ्या चिप कार्डांमधली क्रिप्टो-१ ही पद्धत उत्पादकाने गुप्त ठेवली होती. २००७-०८ मध्ये संशोधकांनी चिप थराथराने घासली, सूक्ष्मदर्शकाखाली तिची सर्किटं वाचली आणि पद्धत बाहेर काढली. चिपमधलं वाचता येतं, तिथे एक्झीची काय कथा? उलट एईएस हे आजचं प्रचलित एन्क्रिप्शन मानक निवडायला १९९७ मध्ये खुली स्पर्धा जाहीर झाली. १५ पद्धती आल्या, जगभरच्या लोकांनी त्या उघड्यावर फोडून पाहिल्या आणि टिकलेली पद्धत २००१ मध्ये मानक झाली. बारा माणसांच्या कंपनीत एवढी परीक्षा घेणं कोणालाच शक्य नाही. तुमच्या सहकाऱ्याच्या हुशारीवर शंका घेण्याचं कारण नाही.

एक व्यवहाराची बाब. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ती जबाबदारी पतसंस्थेवर येते, आणि पतसंस्था तुमच्याकडे बोट दाखवणार.

प्रश्न: टेंडरमध्ये 'फिप्स १४० प्रमाणित क्रिप्टोग्राफी' मागितली आहे. 'आम्ही एईएस-२५६ वापरतो' असं लिहिलं तर चालेल का? की आमचं सॉफ्टवेअर प्रमाणित करून घ्यावं लागेल? (ऐरोली)

पहिलं चालणार नाही. दुसऱ्याची गरज नाही.

एईएस हे पद्धतीचं नाव झालं. फिप्स १४० या अमेरिकी सरकारी मानकाचं सर्टिफिकेट मिळतं ते मॉड्यूलला, म्हणजे ती पद्धत प्रत्यक्ष चालवणाऱ्या कोडच्या एका ठरावीक आवृत्तीला. अमेरिकेची निस्ट ही मानकसंस्था आणि कॅनडाचं सायबर सुरक्षा केंद्र मिळून ही योजना चालवतात. पद्धतीची चाचणी वेगळी, मॉड्यूलची वेगळी. काही विक्रेते पहिली दाखवून दुसरी असल्याचा आव आणतात, तेव्हा सावध राहा. 'फिप्स कम्प्लायंट' या शब्दांमागेही कोणतंच सर्टिफिकेट नसतं. 'व्हॅलिडेटेड' असेल तर क्रमांक असतोच.

तुम्ही सर्टिफिकेट असलेलं मॉड्यूल घ्यायचं आणि सगळं क्रिप्टोचं काम त्याच्याकडूनच करून घ्यायचं. निस्टच्या संकेतस्थळावर मॉड्यूलचं नाव शोधा आणि चार गोष्टी उतरवून घ्या: सर्टिफिकेट क्रमांक, नेमकी आवृत्ती, स्थिती सक्रिय आहे की ऐतिहासिक यादीत गेली, आणि चाचणी कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर झाली. सोबत 'सिक्युरिटी पॉलिसी' नावाची पीडीएफ असते. ती शेवटपर्यंत वाचा, कारण 'असं वापराल तरच प्रमाणित' या अटी तिच्यातच असतात. टेंडरच्या उत्तरात हे सगळं क्रमांकासह लिहा. फिप्स १४०-२ ची सर्टिफिकेटं २१ सप्टेंबर २०२६ पर्यंतच सक्रिय यादीत राहतात, म्हणून नव्या कामाला १४०-३ चंच मॉड्यूल घ्या.

ओपनएसएसएल या खुल्या क्रिप्टो लायब्ररीत प्रमाणित भाग 'फिप्स प्रोव्हायडर' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असतो. ३.१.२ आवृत्तीच्या प्रोव्हायडरला १४०-३ चं सर्टिफिकेट मार्च २०२५ मध्ये मिळालं. बाकीचं ओपनएसएसएल नवं ठेवून आत हा प्रोव्हायडर लावता येतो, आणि तसंच करावं. मग सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळतात आणि प्रमाणित भागाला धक्का लागत नाही. त्या भागाच्या कोडमध्ये एक ओळ जरी बदलून पुन्हा बिल्ड केलंत, तरी ते प्रमाणित मॉड्यूल उरत नाही. जावात बाउन्सी कॅसल या लायब्ररीची फिप्स आवृत्ती वेगळ्या जार फाइलमध्ये येते. नेहमीची बाउन्सी कॅसल प्रमाणित नाही, आणि ही गल्लत फार होते. विंडोजवर डॉटनेट वापरत असाल तर विंडोजचीच मॉड्यूलं कामी येतात, फक्त तुमच्या विंडोज आवृत्तीचं सर्टिफिकेट आहे ना ते पाहा.

प्रश्न: आमच्या मुख्य टेबलात ४० लाख रो आहेत, त्यात ६ कॉलम जुन्या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेले. सर्व्हर बंद ठेवायला क्लायंट तयार नाही. शाखांमधल्या संगणकांवर आमच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या चालतात. क्रम कसा ठेवावा? (महापे, नवी मुंबई)

आधी मोजदाद. कोडमध्ये एक्सॉर, एमडी५, डीईएस, बेस६४, रँडम हे शब्द शोधा आणि सापडलेल्या प्रत्येक जागेची एका तक्त्यात नोंद करा: काय एन्क्रिप्ट होतं, किल्ली कुठून येते, निकाल कुठे साठतो, कोण वाचतं. शेवटच्या रकान्यात आश्चर्यं निघतात. रात्री चालणारा एखादा एसक्यूएल रिपोर्ट किंवा एसएमएस पाठवणारी छोटी सेवा त्याच फंक्शनची जुनी नक्कल घेऊन बसलेली असते. ती सुटली की बदलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजतो.

मग साठवणीचा नवा साचा ठरवा. एईएस-२५६ जीसीएम (मजकूर बंद करून सोबत छेडछाड पकडणारी खूणही देणारी एईएसची रीत) घेतलंत तर प्रत्येक मूल्याच्या पुढे १ बाइट साच्याचा क्रमांक, ४ बाइट किल्लीचा क्रमांक आणि १२ बाइट नॉन्स (दर वेळी नवा, एकदाच वापरायचा आकडा), मग एन्क्रिप्ट झालेला मजकूर, शेवटी १६ बाइटचा टॅग, म्हणजे ती खूण. मजकुरावर ३३ बाइट वाढतात. १० अक्षरांचा पॅन ४३ बाइटचा होतो आणि बेस६४ केल्यावर ६० अक्षरांचा. जुन्या पद्धतीत तोच १६ अक्षरांत बसत होता, त्यामुळे कॉलमची रुंदी बहुधा २४ किंवा ३२ असणार. मायएसक्यूएल स्ट्रिक्ट मोडमध्ये नसेल तर जास्तीची अक्षरं नुसत्या इशाऱ्यावर कापून टाकतं. टॅग कापला गेला की ते मूल्य लायब्ररी उघडून देत नाही. म्हणून जुन्या कॉलमला हात लावू नका. शेजारी व्हारबायनरी २५५ चा (कच्चे बाइट ठेवणारा) नवा कॉलम उघडा, तिथे बेस६४ चीही गरज नाही.

नॉन्सबद्दल जरा थांबून वाचा. जीसीएममध्ये एकाच किल्लीखाली एक नॉन्स दोनदा वापरला गेला, तर त्या दोन मजकुरांचा एक्सॉर उघडा पडतो, आणि टॅग बनवणारी आतली किल्लीही काढता येते. ती मिळाली की समोरचा खोटी मूल्यं खरी म्हणून खपवू शकतो. म्हणजे सर्टिफिकेट असलेली लायब्ररी वापरूनही तुम्ही २००९ च्या जागी परत येता. रो क्रमांकापासून नॉन्स बनवू नका, कारण रो अपडेट झाली की तोच नॉन्स पुन्हा येईल. तो मॉड्यूलच्याच यादृच्छिक जनरेटरकडून घ्या. फिप्सलाही तेच हवं असतं. अशा नॉन्सवर एका किल्लीने २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी वेळा एन्क्रिप्ट करायची मर्यादा आहे. तुमची २ कोटी ४० लाख मूल्यं तिच्या जवळपासही जात नाहीत.

टेबल, कॉलम आणि रोचा क्रमांक हा 'जोडीचा डेटा' म्हणून जीसीएमला द्या. तो साठवला जात नाही, पण टॅगमध्ये मिसळतो. मग डेटाबेसपर्यंत पोचलेल्या एखाद्याने एका खातेदाराचं एन्क्रिप्ट केलेलं मूल्य उचलून दुसऱ्याच्या रोमध्ये चिकटवलं, तर ते उघडणार नाही.

आता तीन आवृत्त्यांचा गुंता. पहिली रिलीज अशी काढा की ती दोन्ही कॉलम वाचू शकेल, पण लिहील जुन्यातच. ती सगळ्या शाखांत पोचल्याची खात्री होईपर्यंत पुढे जाऊ नका. ॲप सुरू होताना आवृत्ती क्रमांक सर्व्हरला कळवत असेल तर ही खात्री सोपी होते. दुसरी रिलीज नव्यात लिहायला लागते आणि त्याच व्यवहारात जुना कॉलम नल (मूल्यच नसलेला) करते. क्रम उलटा केलात तर एखादी जुनी शाखा नवं मूल्य वाचू न शकल्याने रिकामं समजून त्यावर लिहून टाकेल.

वाचताना कोणता कॉलम भरलेला आहे त्यावरून पद्धत ठरवा. 'आधी नव्याने उघडून बघ, नाही उघडलं तर जुन्याने' असं कधीही लिहू नका. तुमच्या जुन्या एक्सॉरला कोणतीही तपासणी नाही, त्यामुळे त्याच्या हाती कचरा दिला तरी ते 'यशस्वीपणे' काहीतरी उलगडून देतं. टॅग जुळत नाही ही धोक्याची सूचना असते. ती गिळून जुन्या वाटेला जाणारा कोड लिहिला, तर सगळा खटाटोप वाया.

नंतर मागची भर, म्हणजे आधीच साठलेल्या रो हलवणं. दर वेळी ५०० रो घ्या. जुन्याने उघडा, नव्याने बंद करा, पुन्हा उघडून मूळ बाइटशी जुळवा आणि 'जुनं मूल्य अजून तेच असेल तरच' या अटीवर अपडेट करा. मधल्या वेळात कारकुनाने पत्ता बदलला असेल तर ही अट त्याचा बदल वाचवते. सेकंदाला ५०० रो धरल्या तर ४० लाखांना सव्वादोन तास लागतात. पण दिवसा सेकंदाला ५० ठेवून एक-दोन दिवसांत संपवलेलं बरं, शाखांना जाणवतही नाही.

या टप्प्यात मराठी नावं बिघडतात, म्हणून हे वेगळं सांगतो. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर बऱ्याचदा युनिकोडमध्ये नसून फॉन्टच्या स्वतःच्या सांकेतिक क्रमांकांत असतो. उघडलेले बाइट मधेच स्ट्रिंगमध्ये बदललेत आणि पुन्हा बाइट केलेत, तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि मूळ परत मिळत नाही. जावामध्ये स्ट्रिंगचे बाइट काढताना एन्कोडिंग सांगितलं नाही, तर आवृत्ती १८ च्या आधी ते त्या त्या मशीनच्या सेटिंगवर अवलंबून असे. १८ पासून यूटीएफ-८ ठरलं. तेव्हा सर्व्हरची जावा नवी करणं आणि हे स्थलांतर एकाच आठवड्यात करू नका. बाइट आत, बाइट बाहेर. युनिकोडचं काम नंतर स्वतंत्रपणे.

चाचणीसाठी निस्टची जाहीर नमुना मूल्यं चालवाच, पण जुन्या डेटातली निवडक २०० मूल्यंही एका फाइलमध्ये ठेवा: रिकामं, नल, १ बाइट, १५, १६ आणि १७ बाइट, एकेक मराठी नाव. नल आणि रिकामं हे दोन वेगळे ठेवा. पॅनवरून शोध घ्यायचा असेल तर जीसीएमच्या कॉलमवर तो चालणार नाही, कारण तोच पॅन दर वेळी वेगळा दिसतो. शोधासाठी वेगळ्या किल्लीने केलेला एचमॅक-शा-२५६ (किल्ली घालून काढलेला ठसा, त्याच मजकुराला दर वेळी तोच) आणखी एका कॉलममध्ये ठेवा आणि त्यावर इंडेक्स लावा.

जुन्या बॅकअपमधला डेटा जुन्याच पद्धतीत राहणार. ते बॅकअप जितकी वर्षं ठेवायचे, तितकी वर्षं जुनं उलगडणारं साधन लागेल. ते मुख्य उत्पादनातून काढून वेगळ्या, फक्त वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ठेवा आणि त्या टेप किंवा डिस्क कपाटात कुलूपबंद करा. त्यांना आता एन्क्रिप्ट न केलेल्या डेटाइतकंच जपायचं आहे.

प्रश्न: आमच्या सॉफ्टवेअरमध्ये २२ हजार पासवर्ड एमडी५ करून ठेवले आहेत. सगळ्यांना पासवर्ड बदलायला सांगायचं का? (खारघर)

सांगितलंत तरी निम्मे लोक बदलणार नाहीत, आणि तोवर एमडी५ (जुन्या, कमकुवत पद्धतीने काढलेले पासवर्डचे ठसे) तसेच पडून राहतील. त्याऐवजी आज रात्रीच सगळे गुंडाळा: साठवलेला एमडी५ हाच पासवर्ड समजून त्यावर पीबीकेडीएफ२ (पासवर्डसाठीची मुद्दाम संथ पद्धत) चालवा, प्रत्येकाला वेगळा १६ बाइटचा यादृच्छिक सॉल्ट (पासवर्डात मिसळायचे बाइट), एचमॅक-शा-२५६ सह ६ लाख आवर्तनं. निकाल साठवा आणि मूळ एमडी५ चा कॉलम पुसून टाका. माणूस पुढच्या वेळी लॉगिन करेल तेव्हा खरा पासवर्ड हाती येतो. त्याच क्षणी मधला एमडी५ वगळून थेट पीबीकेडीएफ२ साठवा आणि त्या रोवर तशी खूण करा. वर्षभर लॉगिन न केलेल्यांना रीसेटची लिंक.

तुमचा जुना सॉल्ट ८ बाइटचा असेल तर तो पुढे वापरू नका. ओपनएसएसएलचा फिप्स प्रोव्हायडर मुळातच १६ बाइटपेक्षा छोटा सॉल्ट नाकारतो. आर्गॉन२ ही पद्धत चांगली आहे, पण फिप्सच्या मंजूर यादीत नाही, म्हणून अशा ऑडिटला पीबीकेडीएफ२ च. बीक्रिप्ट ही पासवर्डची पद्धत निवडणाऱ्यांसाठी एक इशारा: ते पासवर्डचे पहिले ७२ बाइटच विचारात घेतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, काना-मात्रा वेगळ्या धरून. म्हणजे मराठी वाक्य पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्याची २४ चिन्हंच मोजली जातात.

प्रश्न: आधार क्रमांक आम्ही साठवत नाही, त्याचा शा-२५६ साठवतो. हे सुरक्षित आहे ना? (नेरूळ)

नाही. शा-२५६ ही ठसा काढायची पद्धत मजबूत आहे, पण आधार क्रमांक मोजकेच आहेत. १२ आकड्यांतला पहिला ० किंवा १ नसतो आणि शेवटचा तपासणीचा आकडा आधीच्यांवरून ठरतो. उरतात ८ हजार कोटी शक्यता. खेळांसाठी घेतलेलं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो कोटी शा-२५६ काढतं, त्यामुळे सगळी यादी काही मिनिटांत तयार होते. मोबाइल क्रमांकांचं तर काही सेकंदांत. गुप्त किल्लीचा एचमॅक घ्या आणि किल्ली डेटाबेसबाहेर ठेवा. तुम्ही आधार क्रमांक साठवण्याच्या व्याख्येत येत असाल, तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयला वेगळा आधार डेटा व्हॉल्ट आणि एचएसएममधली (किल्ल्या सांभाळणाऱ्या खास उपकरणातली) किल्ली हवी असते. बाकी सगळीकडे फक्त संदर्भ क्रमांक फिरवायचा.

प्रश्न: आम्ही कारखान्यांसाठी तापमान नोंदणारी यंत्रं बनवतो. यंत्रातून सर्व्हरकडे जाणारा डेटा स्वतःच्या पद्धतीने लपवतो, सगळ्या यंत्रांत एकच किल्ली आहे. एईएस-जीसीएमवर जायचं आहे. मायक्रोकंट्रोलर छोटा आहे. (रबाळे एमआयडीसी)

बऱ्याच मायक्रोकंट्रोलरमध्ये एईएसचं हार्डवेअर आत असतंच. आधी डेटाशीट बघा. प्रमाणित मॉड्यूलच हवं असेल तर एम्बेडेडसाठी (अशा छोट्या यंत्रांसाठी) वुल्फक्रिप्ट लायब्ररीची फिप्स आवृत्ती मिळते, पण ती सशुल्क आहे आणि तुमचा प्रोसेसर तिच्या चाचणी यादीत आहे का ते आधी विचारावं लागतं.

तुमची मोठी अडचण एकच किल्ली ही आहे. एक यंत्र भंगारात गेलं, कोणी त्याची फ्लॅश मेमरी वाचली, तर सगळी यंत्रं उघडी. सर्व्हरवर एक मुख्य किल्ली ठेवा. तिच्यापासून आणि यंत्राच्या अनुक्रमांकापासून एचकेडीएफने (एका किल्लीतून अनेक काढायच्या पद्धतीने) प्रत्येकाची वेगळी किल्ली काढा आणि कारखान्यात यंत्र तपासताना ती आत घाला. मुख्य किल्ली यंत्रात कधीच जाता कामा नये. फ्लॅश वाचण्याचं संरक्षण चालू करायची पायरी उत्पादनाच्या चेकलिस्टमध्ये घ्या, ती हमखास विसरली जाते.

दुसरा फटका विजेचा. छोट्या यंत्रात चांगला यादृच्छिक जनरेटर नसेल तर नॉन्ससाठी मोजणी वापरतात, आणि ते योग्यच आहे. पण ती रॅममध्ये असेल तर वीज गेल्यावर पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि कालचेच नॉन्स आज परत येतात. प्रत्येक संदेशाला ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहिलंत तर दर १० सेकंदांच्या नोंदीला १ लाख लेखनांची क्षमता बारा दिवसांत संपते. उपाय असा: सुरू होताना साठवलेला आकडा वाचा, त्यात १००० मिळवून लगेच लिहा आणि मग जुन्या आकड्यापासून मोजायला लागा. हजार संपत आले की पुढचे हजार राखून ठेवा. वीज गेली तर काही आकडे वाया जातात, पण एकही पुन्हा येत नाही. १२ बाइटच्या नॉन्समध्ये आकडे वाया घालवायला जागा भरपूर आहे.

ज्या जुन्या यंत्रांचं फर्मवेअर दुरून बदलता येत नाही, त्यांच्यासाठी त्याच कारखान्यात एक गेटवे बसवा. त्याने जुन्या पद्धतीचा डेटा आतल्या तारेवर घ्यावा आणि बाहेर टीएलएसनेच (सुरक्षित वेबसाइट वापरतात त्या पद्धतीने) पाठवावा.

प्रश्न: फिप्स मोड चालू केला आणि ॲप सुरूच होत नाही. कुठे बघू? (तुर्भे)

बहुधा एमडी५. कॅशेची नावं किंवा फाइल बदलली का हे पाहायला कुठली तरी लायब्ररी तो वापरते आणि फिप्स मोड, म्हणजे फक्त मंजूर पद्धतीच चालू देणारी सेटिंग, तो नाकारते. सुरक्षेशी संबंध नसेल तर पायथन ३.९ पासून हॅश मागताना 'सुरक्षेसाठी नाही' असं सांगता येतं. त्याहून बरं म्हणजे तिथेही शा-२५६. जुन्या पीएफएक्स (सर्टिफिकेट आणि किल्लीच्या) फाइल उघडत नसतील तर त्या ४० बिटच्या आरसी२ या जुन्या पद्धतीने बंद केलेल्या असतात. एका वेगळ्या मशीनवर लीगसी (जुन्या पद्धतींचा) प्रोव्हायडर लावून त्या उघडा आणि एईएसने पुन्हा बंद करा. सर्व्हरवर लीगसी चालू ठेवू नका. जावा ॲप सुरू होताना मिनिटभर गोठत असेल तर व्हर्च्युअल मशीनला पुरेशी यादृच्छिकता मिळत नसावी. आणि ओपनएसएसएलच्या फिप्स मॉड्यूलची कॉन्फिग फाइल एका मशीनवरून दुसऱ्यावर कॉपी करायची नसते. ती प्रत्येक मशीनवर इन्स्टॉलच्या आज्ञेने बनवायची, कारण त्या वेळी मॉड्यूलची स्वतपासणी होते.

एक उलट बाब: काहीही न अडखळता ॲप सुरू झालं तरी तपासा. प्रोव्हायडरांची यादी मागवा, आणि फिप्स मोडमध्ये मुद्दाम एमडी५ मागा. तो मिळाला, तर ॲप अजून साध्या प्रोव्हायडरवरच चालतंय.

प्रश्न: क्लायंटच्या ऑफिसात एकच सर्व्हर आहे, एचएसएमचं बजेट नाही. किल्ली कुठे ठेवायची? ऑफिसात डिजिटल सहीचं यूएसबी टोकन आहे, ते चालेल? (नौपाडा, ठाणे)

टोकन यासाठी नको. त्यातली किल्ली बाहेर काढता येत नाही आणि सहीचं सर्टिफिकेट जास्तीत जास्त ३ वर्षांचं असतं. नवं टोकन आलं, जुनं कोणी फेकून दिलं, की डेटा कायमचा बंद.

दोन थर करा. डेटाची किल्ली एक. ती दुसऱ्या, मुख्य किल्लीने बंद करून डेटाबेसशेजारी ठेवायला हरकत नाही. मुख्य किल्ली सर्व्हरच्या टीपीएम (किल्ल्या सांभाळणाऱ्या) चिपला बांधा. विंडोजवर तेही जमत नसेल तर निदान डीपीएपीआयने (विंडोजच्या किल्ल्या जपायच्या सोयीने) सेवेच्या खात्याला बांधा, मग ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडत नाही. कॉन्फिग फाइलमध्ये किंवा कोडमध्ये साधी लिहू नका, आणि रोजचा बॅकअप जिथे जातो त्या डिस्कवर तर अजिबात नाही.

मदरबोर्ड जळाला की टीपीएमही गेला. म्हणून मुख्य किल्ली बनवतानाच तिची कागदी प्रत घ्या. ३२ बाइट म्हणजे ६४ हेक्स अक्षरं, चार-चारच्या गटांत छापलेली, शेवटी तपासणीची चार अक्षरं. छापण्याआधी तिच्याइतक्याच लांबीचा यादृच्छिक आकडा काढून एक पाकीट त्या आकड्याचं आणि दुसरं दोघांच्या एक्सॉरचं करा. एक पाकीट अध्यक्षांकडे, दुसरं बँकेच्या लॉकरमध्ये. एकट्या पाकिटातून काहीच कळत नाही. सहा महिन्यांतून एकदा दोन्ही उघडून एका रिकाम्या मशीनवर बॅकअप उतरवून पाहा आणि पाकिटं नव्याने सीलबंद करून तारीख टाका.